दसऱ्याला पाहुणे येत आहेत

(गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला ‘सहकुटुंब म्हैसूर’ हा विषय दिला. मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर, भाषणाची सवय नाही, सांभाळून घ्यावे. पण विषय अगदी वेळेवर आला आहे. बाप्पांना निरोप दिला की दसऱ्यासाठी आपल्याकडे मिरज, पुणे, बेळगावकडचे पाहुणे उतरणार. त्यांना काय दाखवायचे याची यादी आपल्याकडे तयारच असते. मला बोलायचे आहे ते त्या यादीबद्दल.

चार वर्षांपूर्वी मिरजेहून माझी आई, बहीण, मेहुणे आणि भाचरे आली. मी मोठी गाडी ठरवली आणि राजवाडा, प्राणिसंग्रहालय, रेल्वे संग्रहालय, चामुंडी, चर्च, श्रीरंगपट्टण आणि वृंदावन गार्डन अशी सात ठिकाणे एका दिवसात उरकली. आईचे गुडघे दुखतात. प्रत्येक ठिकाणी ती म्हणायची, “तुम्ही जाऊन या रे, मी बसते गाडीत.” रात्री मावशीचा फोन आला. “कसं आहे गं म्हैसूर?” आई म्हणाली, “गाड्या लावायला जागा छान आहे.” सगळे हसले. मीही हसलो, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

रेल्वेच्या वेळापत्रकात दोन गोष्टी धरलेल्या असतात : धावण्याचा वेळ आणि थांब्याचा वेळ. थांबाच दिला नाही तर गाडी वेळेवर पोचते, पण चढणारा चढत नाही आणि उतरणारा उतरत नाही. मी आईला नुसते धावते वेळापत्रक दिले होते.

पुढच्या वर्षी ठरवले, दिवसाला दोनच ठिकाणे. पहिल्या सकाळी स्टेशनजवळचे रेल्वे संग्रहालय. हे १९७९ सालचे. तिथे म्हैसूरच्या महाराणींचा १८९९ सालचा सलून डबा आहे, स्वयंपाकघरासकट. आई म्हणाली, “राणी झाली तरी प्रवासात चुलीची काळजी होतीच की!” मुले छोट्या गाडीत फेऱ्या मारत होती. आई मीटरगेजच्या वाफेच्या इंजिनासमोर बाकावर बसली आणि सांगू लागली, लग्नानंतर मिरजेहून हुबळीला ती अशाच गाडीने गेली होती, डोळ्यांत कोळशाची कुसळे गेली होती आणि बाबांनी रुमाल ओला करून दिला होता. माझी इतकी वर्षे रेल्वेत गेली, पण ही गोष्ट मी प्रथमच ऐकत होतो. आदल्या वर्षी याच फाटकाबाहेर ती गाडीत बसून होती.

आता थोडी अनुभवाची माहिती. प्राणिसंग्रहालय १८९२ सालचे आणि विस्ताराने मोठे आहे. त्याला अर्धा दिवस द्या. ज्येष्ठांसाठी बॅटरीच्या गाड्या मिळतात. एरवी मंगळवारी बंद असते. दसऱ्याच्या दिवसांत आधी विचारून घ्यावे. शेजारीच कारंजी तलाव. तिथला पक्ष्यांचा मोठा पिंजरा आपण आत शिरून पाहतो, त्यामुळे मुले खूश होतात.

चामुंडीला सुमारे हजार पायऱ्या. तरुणांनी पहाटे चढावे, ज्येष्ठांनी सिटी बसने वर जावे. उतरताना साधारण तीनशे पायऱ्यांवर एकाच दगडातला नंदी लागतो. तिथपर्यंत गाडीरस्ताही आहे. दोन्ही पार्ट्यांची भेट तिथेच ठरवावी.

राजवाडा आतून पाहायचा तर सकाळी लवकर जावे. जुना लाकडी वाडा १८९७ मध्ये जळाला आणि आजचा १९१२ मध्ये पूर्ण झाला. सुमारे एक लाख दिव्यांची रोषणाई एरवी रविवारी व सुट्टीच्या दिवशी असते, दसऱ्यात मात्र रोज संध्याकाळी. दिवे लागायच्या अर्धा तास आधी जाऊन बसावे. एका क्षणात सगळा वाडा उजळतो तेव्हा लहानांचे चेहरे पाहावेत.

वृंदावन गार्डनला नुसते कारंजे पाहून परतू नका. शेजारचे कृष्णराजसागर धरण मुलांना दाखवा आणि सांगा की याच्या उभारणीमागचे सर विश्वेश्वरय्या पुण्यात इंजिनिअर झाले आणि त्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये पुण्याच्या खडकवासल्याला प्रथम बसले. आपले दोन्ही मुलूख असे एका माणसाने जोडलेले आहेत.

काही ठिकाणे राहून जातील. राहू द्या, पाहुण्यांना पुन्हा यायला निमित्त होईल. पाहुणे आपल्याकडे येतात ते आपल्याबरोबर चार घटका बसायला. शहर हे त्या बसण्याची जागा. यंदा आई पुन्हा येते आहे. आमच्या सौ.नी विचारले, “यादी केली का?” मी म्हटले, “केली. रोज एक ठिकाण आणि एक बाक.”

 गणपती बाप्पा मोरया!