टॅपेट वाजू द्या!
(बडनेरा बैठकीतील भाषण)



पऱ्हाटी बोंडावर, शेततळ्यात पाणी, आणि डिझेल इंजिन दमच धरत नाही! फिटर सांगतो, वॉल्व्ह जळाला. कशानं? टकटक नको म्हणून कुणी टॅपेटची फट बुजवली. तापल्यावर वॉल्व्हचा दांडा वाढतो. फट नसेल तर वॉल्व्ह पुरता बसत नाही, दाब गळतो. मी कृषी पदवीधर, पण हे वावरातच शिकलो.

इंजिन गार हवं. दाबाच्या फेरीत पिस्टन वर आणा, डिकॉम्प्रेशन लिव्हर सोडा. दोन्ही पुशरॉड बोटांनी फिरले पाहिजेत. पुस्तकातल्या मापाची फीलर पट्टी किंचित अडत सरकावी. चेकनट कसल्यावर पुन्हा मोजा. कसताना स्क्रू फिरतो. एक्झॉस्टचं माप वेगळं दिलं असेल, तर पट्टीही वेगळी घ्या.