पठारावर थांबू नका
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही गिरणीत राबणारी माणसे. आज एकाच गोष्टीवर बोलणार आहोत, कारण ती आपल्या वस्तीत घरोघरी घडते आहे. आपली मुले शिकायला सुरुवात करतात आणि मध्येच सोडतात. कुणी टायपिंग, कुणी इंग्रजी, कुणी हार्मोनियम. पहिले दोन-तीन महिने झपाट्याने जातात. मग प्रगती थांबते. रोज क्लासला जातो, रोज बसतो, पण काल होता तिथेच आज आहे. शेवटी पोरगा म्हणतो, "बाबा, आपल्याला नाय जमायचं हे." आणि बापही गप्प बसतो.

घाट चढणाऱ्याला ठाऊक असते की एक चढण संपली की पठार लागते. पठारावर चालताना उंची वाढत नाही, पण वाट मागे पडतच असते. शिकण्याचेही तसेच आहे.

रिंग फ्रेमवर नवा कामगार आला की त्याला तुटलेला धागा जोडायला शिकवतात. चाती थांबवायची, बॉबिनवरचे टोक शोधायचे, ते ट्रॅव्हलरमधून आणि वरच्या कडीतून घ्यायचे, आणि पुढच्या रुळातून बाहेर पडणाऱ्या तंतूंना नेमके लावायचे. सुरुवातीला एक जोडेपर्यंत शेजारचे दोन तुटतात. काही दिवसांनी हात बसतो आणि मग वेग तिथेच अडतो. का? नव्या माणसाचे सगळे ध्यान बोटांत गुंतलेले असते. बोटे आपली आपण चालू लागली की डोळा मोकळा होतो. एक धागा जोडता जोडता पुढचा कुठे तुटला ते दिसू लागते, आणि वेग एकदम वाढतो. बघणाऱ्याला वाटते माणूस अडकला होता. खरे तर तेवढे दिवस बोटे शिकत होती.

हे नुसते गिरणीतले शहाणपण नव्हे. अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर या दोन अभ्यासकांनी तारायंत्र शिकणाऱ्यांची प्रगती तपासून १८९७ आणि १८९९ साली आपले निष्कर्ष छापले. (आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.) तार पाठवण्याचा वेग सरळ चढत जातो, पण आलेली तार ऐकून समजण्याचा वेग कामापुरता होण्याच्या जरासा आधी अडून राहतो, आणि कित्येक जण नेमके तिथेच कंटाळून सोडतात, असे त्यांना दिसले. शिकणारा आधी सुटे अक्षर ऐकतो, मग अख्खा शब्द, मग शब्दांचा समूह. खालची सवय पक्की झाल्याशिवाय वरची उभी राहत नाही. पुढे १९५८ साली फ्रेड केलर या अभ्यासकाने सांगितले की असे पठार यायलाच पाहिजे असा काही नियम नाही. म्हणजे अडण्याचे कारण सवयीत शोधा, शिकवण्याच्या पद्धतीत शोधा. ते रक्तात शोधू नका.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. ज्यांच्या घरात चार पिढ्या पुस्तके आहेत त्यांचा मुलगा अडला तर घरचे म्हणतात, सराव कमी पडला. आपला मुलगा अडला तर तो स्वतःच म्हणतो, आपल्यात ते नाही. शेकडो वर्षे दुसऱ्यांनी आपल्या कानात ओतलेले वाक्य आपले मूल आपल्याच तोंडाने बोलते, हे सर्वांत वाईट. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडनच्या परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला होता. त्यांनी तो पुन्हा तयार करून दिला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली.

मग नुसते जास्त घासायचे का? त्रिपिटकातली सोणाची कथा आठवा. श्रीमंत घरातला सोण भिक्खू झाला. चालून चालून पायांतून रक्त आले तरी मन मोकळे होईना, तेव्हा घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. पूर्वी तो वीणा वाजवीत असे. भगवान बुद्धांनी त्याला वीणेचाच दाखला दिला. तार फार ताणली तरी नीट वाजत नाही, फार सैल सोडली तरी नाही. प्रयत्न सोड, असे भगवंतांनी सांगितले नाही. तार लावायला सांगितली.

आता कामाचे बोलू. टायपिंगची मुलगी मिनिटाला तीस शब्दांवर अडली, तर तिने दोन-दोन तास तेच पान बडवू नये. कोणते बोट चुकते ते शोधावे. तेवढेच शब्द अर्धा तास सावकाश, बिनचूक मारावेत, मग पान घ्यावे. नजर बोटांवर न ठेवता मजकुरात एक शब्द पुढे ठेवावी. आणि एक वही करावी : तारीख, वेग, चुका. वेग तीसच राहिला पण चुका दहाच्या चार झाल्या, तर ती प्रगतीच आहे. वही नसेल तर ती कुणाला दिसणार नाही. महिनाभर असे करूनही वही हलली नाही, तर शिकण्याची पद्धत बदलावी. शिकणे सोडू नये.

आई-बापांनो, "किती वेग झाला?" असे रोज विचारू नका. "आज कोणती चूक काढलीस?" असे विचारा. फी भराल त्याच दिवशी पोराला सांगा की मध्ये पठार लागेल, घाबरू नकोस.

यंदा ज्यांनी क्लास सोडला ती मुले आपल्याच वस्तीतली आहेत. कार्यक्रम संपला की आपण चार जण त्यांच्या घरी जाऊ. सोबत कोरी वही नेऊ आणि उद्याची तारीख त्यांच्याच हाताने लिहून घेऊ.

जय भीम! नमो बुद्धाय!