भिंतीवरचा हिशेब



मी शहागडचा. गोदावरीच्या पुलाअलीकडे आमचा जालना जिल्हा, पलीकडे बीड. गाव सोलापूर-धुळे महामार्गावर असल्यानं नवी वस्तू इथं लवकर येते. चहाच्या टपरीवर आता पेटी बोलते, ‘दहा रुपये प्राप्त झाले.’ ती ऐकली की मला हरिनाम सप्ताह आठवतो. सप्ताहात कर्ण्यावरून नावं पुकारतात. अमक्याकडून एक हजार एक, तमक्याकडून गव्हाचं पोतं. नाव ऐकलं की शेजारच्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. संस्था फेसबुकवर देणगीदाराचे आभार मानतात, त्यातही हीच युक्ती आहे.

सप्ताह उठला की मंदिराच्या भिंतीवर हिशेबाचा कागद लागतो. मंडप, आचारी, तेलाचे डबे, शिल्लक. लोक चपला काढता काढता तो वाचतात आणि डब्याच्या भावावरून भांडतातसुद्धा. मला हे भांडण फार मोलाचं वाटतं.

थेंबे थेंबे तळे साचवणं आपल्याला नवं नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, आणि त्यातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पण तेव्हा मागणारा समोर उभा असायचा. 2016 साली यूपीआय आलं आणि देणारा ठाण्यात, घेणारा आमच्या अंबड तालुक्यात, मध्ये फक्त फोनची काच. समोर न पाहता द्यायचं, तर चेहरा ओळखीचा लागतो.

2015 च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी नाम फाउंडेशन काढलं, तेव्हा थोड्याच दिवसांत कोट्यवधी रुपये जमले. ते चेहरे घराघरांत माहीत होते. पुलापलीकडे गेवराईत संतोष गर्जे यांनी 2004 साली अनाथ मुलांसाठी ‘सहारा’ सुरू केलं. अशा माणसाला ओळख वर्षानुवर्षं राबून कमवावी लागते. आम्ही तर आणखी लहान. ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांना वह्या-दप्तरं पुरवणारे पाच-सहा जण.

आमची पहिली पोस्ट मीच टाकली. फाटक्या फ्रॉकातली एक मुलगी, खाली ‘हिला तुमची गरज आहे’, आणि स्कॅनर. दोन दिवसांत वर्षभराच्या वह्यांचे पैसे आले. मी खूश. तिसऱ्या दिवसापासून पोरगी शाळेत येईना. वर्गातल्या पोरांनी मोठ्या भावाच्या फोनवर तो फोटो पाहिला होता. तिची आजी मला एवढंच म्हणाली, “दादा, तिच्याकडं चांगला फ्रॉक बी व्हता की.”

पुढे कळलं की आधाराविना असलेल्या, संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला 2015 च्या बाल न्याय कायद्यानं मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण आजीचं ते वाक्य मला कायद्याहून जास्त लागलं. आता आम्ही दप्तरांच्या थप्पीचा फोटो टाकतो. पैसे कमी येतात, हे खरं आहे. येऊ देत.

सप्टेंबर 2025 मध्ये जायकवाडी धरणातून पाणी सुटलं आणि गोदाकाठची गावं बुडाली, तेव्हा ग्रुपवर ढीगभर आवाहनं फिरली. एकच फोटो, खाली तीन वेगवेगळे स्कॅनर. यातला खरा कोणता, हे गावात राहून मलाही सांगता येईना, मग लांबच्यानं काय करावं?

त्याला करता येण्यासारखं थोडं आहे. स्कॅन केल्यावर पैसे जायच्या आधी नाव दिसतं. संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीचं नाव आलं तर थांबून विचारावं. धर्मादाय कार्यालयाचा नोंदणी क्रमांक मागावा. प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर दोन हजारांच्या वरची देणगी रोखीनं देऊ नये. आणि परदेशातल्या भाच्याला सांगावं, की बाबा, तू तिथलं नागरिकत्व घेतलं असशील तर तुझे पैसे आमच्या साध्या खात्यात चालत नाहीत. त्यासाठी संस्थेला परदेशी देणगीची वेगळी परवानगी लागते, आणि खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच काढावं लागतं. भारतीय पासपोर्ट असेल तर ही भानगड नाही.

संस्थावाल्यांना मात्र माझं एकच मागणं आहे. पैसे मागणारी पोस्ट जेवढ्या हौसेनं टाकता, तेवढ्याच हौसेनं वह्यांच्या दुकानाचं बिलही टाका. ग्रुपवर कुणी भाव जास्त लागला म्हणून भांडलं, तर त्याला काढून टाकू नका.

आणि श्रोतेहो, देणगी मिळवून देतो म्हणून कुणी तुम्हालाच पिन टाकायला सांगितला, तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही.