सामाईक टाकींतील बुटका पाहुणा

ज्या श्रोत्यांच्या घरीं माशांची काचेची टाकी आहे, त्यांना एक अनुभव परिचित असेल. अनेक जातींचे मासे सलोख्यानें नांदत असतां एखादा सुंदर, बोटाएवढा मासा आणून सोडावा आणि कांहीं दिवसांतच टाकींत कलह माजावा! हा पाहुणा पुष्कळदां सिक्लिड कुळांतील बुटक्या जातीचा असतो. त्याच्यावर भांडखोरपणाचा आरोप होतो. परंतु कलहाचें मूळ शोधूं गेल्यास तें बहुधा वात्सल्यांत सांपडतें.

यांपैकीं ‘रॅम’ हा सुमारें ५ सेंटिमीटर लांबीचा मासा दक्षिण अमेरिकेंतील ओरिनोको नदीच्या खोऱ्यांतला. शास्त्रज्ञांनीं त्याचें वर्णन १९४८ सालीं प्रसिद्ध केलें. पुष्कळ मासे अंडीं टाकून निघून जातात. रॅम तसें करीत नाहीं. सपाट दगडावर अंडीं घालून नर व मादी दोघेंहि परांनीं त्यांवर पाणी खेळवितात आणि जवळ येणाऱ्यास हुसकावून लावतात. त्यांना हवें असतें तें तळाशीं थोडेंसें स्वतःचें आंगण.

म्हणून आधीं दगड, उलटी ठेवलेली नारळाची करवंटी व दाट पाणवनस्पती यांनीं तळाचे निरनिराळे भाग पाडावे. नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवून सर्वांच्या शेवटीं सोडावा. त्यापूर्वीं दगडांच्या जागा बदलाव्या, म्हणजे जुन्या रहिवाशांची मालकीहि सैल होते. सोबती वरच्या थरांत पोहणारे, लहान व शांत असावे. लहान टाकींत जोडी एकच असावी.

पाण्याचाहि विचार हवा. यवतमाळ जिल्ह्यांतील फुलसावंगीसारख्या गांवीं वैशाखांत पारा चाळिशी ओलांडतो. रॅमला २७ ते ३० अंशांचें पाणी मानवतें. पाणी जसजसें तापतें तसतसा त्यांतील प्राणवायु घटतो. तेव्हां टाकी सावलींत व पाणी खेळतें ठेवावें. मासा ज्या पिशवींतून येतो तींत टाकीचें पाणी थोडें थोडें मिसळून मगच त्याला मोकळें करावें.

मासा नकोसा झाला, तरी तो पैनगंगेंत किंवा ओढ्यांत कधींहि सोडूं नये. याच कुळांतील तिलापिया १९५२ सालीं भारतांत आणला गेला. त्याची मादी अंडीं व पिलें तोंडांत सांभाळते. या संगोपनाच्या बळावर तो अनेक जलाशयांत पसरला आणि स्थानिक माशांना जड झाला. जें वात्सल्य काचेआड पाहतांना मन मोहून घेतें, तेंच परक्या नदींत अनर्थास कारण होतें.