चिंचिलाचे अंथरूण आणि आहार

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या कोरड्या, थंड व खडकाळ उतारांवर चिंचिला नावाचा एक लहानसा प्राणी राहतो. तो उंदीर-खारींच्या वर्गातला असून त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरते. त्याच्या त्वचेच्या एकेका छिद्रातून साठाच्या आसपास तलम केस उगवतात, आणि ही मऊ लवच त्याच्या जिवावर उठली. कातड्यांसाठी त्याची इतकी हत्या झाली की, १९१० साली चिली, आर्जेन्टिना, बोलिव्हिया व पेरू या देशांना त्याच्या रक्षणासाठी करार करावा लागला.

पुढे १९२३ साली मॅथायस चॅपमन हा अमेरिकन खाण-इंजिनिअर अकरा चिंचिला घेऊन कॅलिफोर्नियात गेला. उष्म्याने ते दगावू नयेत म्हणून त्यांना डोंगरावरून टप्प्याटप्प्याने खाली आणले होते, आणि पिंजऱ्यांना बर्फाचा गारवा दिला होता. आज हौसेने पाळले जाणारे बहुतेक चिंचिला याच अकरांचे वंशज मानले जातात. मुलूख पालटला तरी प्रकृती डोंगरावरचीच राहिली, आणि त्याच्या निगेचे सारे नियम या एकाच गोष्टीतून निघतात.

प्रथम अंथरुणाचा विचार. उघड्या जाळीच्या तळाने पायांना जखमा होतात; म्हणून तळ भरीव असावा व त्यावर दोन-तीन इंच जाडीचा थर घालावा. सुताराच्या रंध्याखाली निघणारे लाकडाचे छिलके यासाठी चांगले. परंतु लाकूड कोणते हे पाहणे अगत्याचे आहे. देवदारी खोक्याचा सुवास माणसाला प्रिय वाटतो; पण देवदार व कच्चे पाइन यांतील सुगंधी द्रव्ये या प्राण्याच्या श्वासमार्गास व यकृतास अपायकारक ठरतात. अ‍ॅस्पेनचे, अथवा भट्टीत वाळवलेल्या पाइनचे छिलके चालतात. बारीक भुसा नाकात जातो, आणि पिंजलेला कापूस पोटात गेल्यास आतडे अडते. म्हणून ही दोन्ही वर्ज्य समजावीत. ओला भाग रोज काढावा आणि सारे अंथरूण आठवड्यास बदलावे. ओलाव्याने दाट केसांत बुरशी धरते. याच कारणाने त्याला पाण्याने कधी न्हाऊ घालू नये. मऊ खनिज धुळीचे पसरट भांडे आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटे समोर ठेवावे. त्यात लोळून तो आपले अंग स्वच्छ करतो.

आहाराचे सूत्र त्याहून सोपे आहे : वाळलेले गवत, आणि तेही अष्टौप्रहर. चिंचिलाचे पुढचे दात व दाढा जन्मभर वाढत राहतात. खरखरीत गवत चघळल्यानेच त्या झिजतात व आतड्यांची चलनवलन क्रियाही चालू राहते. टिमथी जातीचे गवत उत्तम. लसूणघासात कॅल्शियम व प्रथिने अधिक असल्याने तो वाढत्या पिलांना व गाभण मादीला द्यावा. दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या दिवसाला चमचा-दोन चमचे पुरेत. नवे खाद्य सुरू करताना जुन्यात थोडेथोडे मिसळून आठ-दहा दिवसांत पालट करावा. हा प्राणी निशाचर असल्यामुळे गवताची गव्हाणी सायंकाळी भरणे सोयीचे पडते.

खरा धोका असतो तो मायेच्या हातात. बेदाणा पुढे केला की चिंचिला तो दोन पंजांत धरून खातो, आणि मुलांना त्याचे कौतुक वाटते. पण साखरेने त्याच्या आतड्यांतील उपकारक जंतूंचा तोल बिघडतो, पोट फुगते, आणि ओकून टाकण्याची शक्ती तर निसर्गाने त्याला दिलेलीच नाही. शेंगदाणे, बिस्किटे, पोळीचा तुकडा यांनाही हेच लागू. लेंड्या लहान वा कमी होऊ लागल्या, किंवा त्याने अन्न टाकले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.

शेवटची गोष्ट हवेची. सत्तावीस अंशांपुढे चिंचिलास उष्माघाताचे भय असते, आणि इंदूर, ग्वाल्हेर वा हैदराबादेचा वैशाख चाळिशी ओलांडतो. वाळ्याचे पडदे किंवा पाण्याचे कूलर गारवा देतात, पण हवा दमट करतात. ते येथे उपयोगाचे नाहीत. दिवसरात्र वातानुकूलित खोली आणि पंधरा-वीस वर्षांचे आयुष्य सांभाळण्याची तयारी, एवढे हाताशी नसेल तर हा पाहुणा घरी आणूच नये. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथे आधी पाळणाऱ्याने ध्यानात घ्यावी. चिंचिलाच्या अंथरुणाचा विचार त्यानंतरचा.