आंत्रपुच्छातला वण

शस्त्रक्रियेत काढलेले आंत्रपुच्छ, म्हणजे आपले अपेंडिक्स, आम्हां विकृतिशास्त्राच्या मंडळींकडे तपासणीस येते. कधी त्याचे टोक कापून पाहावे, तो मधली पोकळीच नाहीशी झालेली! तिच्या जागी वणासारखे तंतुमय ऊतक, थोडी चरबी आणि मज्जातंतूंचे बारीक धागे. अहवालात आम्ही ‘फायब्रस ऑब्लिटरेशन’ लिहितो. कोणी ‘न्यूरोमा’ही लिहितो, आणि घरची माणसे तो शब्द वाचून हबकतात. हा कर्करोग नव्हे. यासाठी पुढे कसलाही उपचार लागत नाही. वय वाढेल तसा हा बदल अधिक आढळतो, इतकेच.

जुन्या दाहाचा हा वण, असे पुष्कळांचे मत. पण नुसत्या वणात मज्जातंतूंची इतकी गर्दी कशाला? फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञ पिएर मासाँ यांनी १९२८ साली या तंतूंच्या वाढीविषयी लिहिले. दाह न सापडणाऱ्या काही रोग्यांच्या पोटदुखीचे मूळ त्यातच असावे, असाही तर्क आहे; तो वाद मिटलेला नाही.

मात्र ‘वणच असेल’ म्हणून तपासणी टाळू नये. कार्सिनॉइड म्हणून ओळखली जाणारी छोटी गाठ बहुधा याच टोकाशी असते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली घातल्याशिवाय दोहोंतला फरक कळेलच, असे नाही.