शरदांतील वाट : पुणें ते सावंतवाडी

पावसाळा ओसरला, आकाश निवळलें आणि नद्यांचें गढूळ पाणी नितळूं लागलें, म्हणजे घराबाहेर पडण्याचे दिवस आले असें आपले पूर्वज मानीत. दसऱ्याचें सीमोल्लंघन याच ऋतूंतलें. आज तें मोटारींतून होतें. पुण्याहून वाई, सातारा, कराड, कोल्हापूर, आजरा व आंबोली या मार्गानें सावंतवाडीपर्यंतचा प्रवास सुमारें ४०० किलोमीटरांचा आहे. धांवत गेल्यास तो एका दिवसांत उरकतो. पण उरकण्यासाठीं का कोणी प्रवासास निघतो? आश्विनाच्या आरंभीं चार दिवसांची सवड काढून जो निघेल, त्याला ही वाट दोन गोष्टी शिकवील : कोठें थांबावें, आणि कोठें पाऊल आवरावें.

कात्रजचा डोंगर मागें टाकून नीरा ओलांडली आणि खंबाटकीचा घाट उतरला, कीं दसऱ्यासाठीं फुललेलीं झेंडूचीं शेतें दिसूं लागतात. मात्र हा हमरस्ता जुन्या गांवांना वळसा घालून जातो. त्यावरून सरळ जाणाऱ्याला वाई दिसतच नाहीं. सुरूरपाशीं पश्चिमेकडे वळणाऱ्याला कृष्णेचे दगडी घाट भेटतात. अगदीं पाण्याच्या कांठीं ढोल्या गणपतीचें देऊळ आहे. रास्त्यांनीं तें १७६२ सालीं बांधविलें. पुराचा लोंढा दुभंगून दोन्ही अंगांनीं निघून जावा, म्हणून त्याची मागील भिंत मत्स्याकार केली आहे. नदीशीं न भांडतां तिच्या शेजारीं कसें राहावें, हें त्या गवंड्यांना ठाऊक होतें. याच लहानशा गांवीं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें काम उभें राहिलें. जवळच मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आहे. अशा गांवीं प्रवाशानें थांबावें. अर्धा दिवस गेला तरी तो व्यर्थ जात नाहीं.

साताऱ्याहून सुमारें २५ किलोमीटरांवरील कासच्या पठारावर मात्र पाहुण्याचा धर्म निराळा होतो. सुमारें ४,००० फूट उंचीवरील हा सडा जांभ्या दगडाचा आहे. त्यावर मातीचा थर इतका पातळ कीं, मोठीं झाडें मूळ धरूं शकत नाहींत. म्हणूनच तेथें चिमुकल्या फुलांचें राज्य आहे. जांभळा तेरडा, पांढरे गेंद आणि निळसर 'सीतेचीं आसवें' यांनीं तो कांहीं आठवडे झाकून जातो. सीतेच्या आसवांचें रोप सूक्ष्म किडे पकडून पोषण मिळवितें, कारण त्या मातींत तें पुरेसें नाहीं. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदां फुलते. पश्चिम घाटांतील ज्या स्थळांना २०१२ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत कास आहे. त्या मानाबरोबर गर्दीहि आली. यांतील बहुतेक रोपें एकाच हंगामाचीं असतात. बीज धरण्यापूर्वीं तीं पायाखालीं चिरडलीं, तर पुढील वर्षाचा बहर तेथेंच संपतो. म्हणून पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली आणि आगाऊ नोंदणी आली. छायाचित्रासाठीं फुलांत बसणारा मनुष्य दुष्ट नसतो. आपण एकटेच आलों आहोंत असें त्याला वाटतें, इतकेंच.

पुढें कराडला कृष्णा व कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि एक होऊन पूर्वेकडे वळतात. तो प्रीतिसंगम पाहून, उंसाच्या मळ्यांतून कोल्हापुरास मुक्काम करावा. निपाणीहून आजऱ्याकडे वळलें, कीं घनसाळ तांदळाचीं सुवासिक शेतें लागतात आणि हवा ओलसर होते. आंबोलीच्या घाटांत पावसाळ्याचे धबधबे आतां क्षीण झालेले असतात, पण दरींतून वर येणारें धुकें अजून रस्ता अडवितें.

घाट उतरून सावंतवाडी आली, म्हणजे मोती तलावाच्या कांठीं प्रवास विसावतो. येथील चितारी लाकडाचीं फळें व खेळणीं कातून त्यांवर लाखेचे रंग चढवितात. गंजिफा ही येथील दुसरी कला. दशावतारी गंजिफांचा डाव १२० गोल पानांचा. दहा अवतार आणि प्रत्येकाचीं बारा पानें. छापील पत्ते स्वस्त झाल्यावर ती बुडण्याच्या बेतास आली होती. राजघराण्यानें वाड्यांतच चितारी बसवून तिला जगविलें. पण कारागिराचा हात नुसत्या कौतुकानें चालत नाहीं. त्याच्या दारीं कोणी थांबावें, काम पाहावें व चार वस्तु विकत घ्याव्या लागतात.

कासचीं फुलें प्रवाशानें दूर उभें राहावें म्हणून जगतात. सावंतवाडीचा चितारी प्रवाशानें जवळ यावें म्हणून वाट पाहतो. हा भेद ज्याला कळला, त्याच्या मागून येणाऱ्यालाहि ही वाट अशीच भेटेल. मोटार कितीहि वेगवान असो, तो भेद ओळखण्याइतका वेळ मात्र प्रवाशानें घरूनच बरोबर घेऊन निघावें.